माणूस कमी करायचाय, तोंडावर कसं सांगू?

या सदरात मागं पगाराच्या स्लिपबद्दल लिहिलं होतं त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं काम सुटण्याचीच निघाली, काही काढणाऱ्यांची, काही निघालेल्यांची. त्यातली पाच घेतलीत. पहिल्याला जागा जास्त गेलीय, पण तो प्रश्न कितीतरी छोट्या मालकांच्या मनात असतो आणि विचारत कुणी नाही. नावं कुणाचीच छापत नाहीये.

प्रश्न : ताई नमस्कार. वाळूजला माझं छोटं वर्कशॉप आहे, १४ माणसं आहेत. टर्निंगचे पार्ट करतो. काम देणाऱ्या दोन पार्ट्या होत्या त्यातल्या एकीनं काम दुसरीकडं हलवलं, जूनपासून दोन लेथ बंदच आहेत. एक टर्नर, म्हणजे लेथ चालवणारा, माझ्याकडं ११ वर्षं ४ महिन्यांपासून आहे, वय ४७, बेसिक डीए मिळून १५,६०० आणि वर भत्ते. त्याला कमी करावं लागणार असं दिसायलंय पण तोंडावर सांगायची हिंमत होत नाही. मेहुणा म्हणतो पगार झाला की सुपरवायझरला फोन करायला लाव, सोमवारपासून येऊ नको म्हणावं, एक महिन्याचा पगार जास्तीचा टाक, विषय संपला. सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) तीन नवीन पोरं आहेत, दीड वर्ष झालं त्यांना, ती राहतील.

उत्तर : दादा, आधी तो फोनचा विचार काढून टाका. हे मी कायद्याच्या आधी सांगतेय कारण ते मी घरात बघितलंय. मी सातवीत होते, माझे वडील चिकलठाण्याच्या एका कंपनीत होते, कंपनीचं नाव घेत नाही. एक दिवस सकाळी गेले तर टाइम ऑफिसच्या भिंतीवरच्या रॅकमध्ये त्यांचं पंचिंग कार्डच नव्हतं. त्यांना वाटलं कुणीतरी चुकून दुसऱ्या खणात घातलं असेल म्हणून ते एकेक खण बघत बसले, मागं लाईन लागलेली, आणि शेवटी वॉचमनला सांगावं लागलं की काका, तुमचं कार्ड काल संध्याकाळीच काढलंय. वॉचमन बिचारा त्यांच्याच गावाकडचा. लॉकरमध्ये स्वतःच्या पैशानं घेतलेलं व्हर्नियर, बारीक मापाचं हत्यार, होतं ते तिथंच राहिलं, किल्ली अजून आमच्या घरी खुंटीला आहे. हिशोब नंतर मिळाला, पैसे काही बुडाले नाहीत, पण वडील आयुष्यभर पैशाबद्दल कधी बोलले नाहीत, बोलले ते त्या रॅकबद्दल. मी पुढं १८ वर्षं कंपनीच्या पर्सनल डिपार्टमेंटमध्ये काम केलं आणि माणूस कमी करायची वेळ आली की दर वेळी तो रॅक डोळ्यासमोर यायचा.

आता तुमचं बघू. पहिली गोष्ट, खरंच कमी करावंच लागतंय का? तुमच्या सीएनसीच्या पोरांना दीडच वर्ष झालंय. एकाच प्रकारच्या कामात शेवटी आलेला आधी जातो असा कायद्याचा साधा नियम आहे, तो मोडायचा तर कारण लिहून ठेवावं लागतं. तुम्ही म्हणाल लेथ वेगळं आणि सीएनसी वेगळं, मान्य. पण ११ वर्षं लेथवर उभ्या माणसाला टूल कसं बसवायचं, फीड किती, कट किती घ्यायचा, मटेरियल कुठं भाजतंय हे सगळं हाताला माहीत असतं, त्याला फक्त पॅनेल शिकायचंय, प्रोग्रॅम उचलणं आणि ऑफसेट टाकणं. दोन महिने एखाद्या पोराच्या बाजूला उभं करून बघा. सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकलेले मी बघितलेत, फक्त पहिले पंधरा दिवस पोरांसमोर चुकायची लाज वाटते, तेवढं तुम्ही सांभाळून घ्या.

नाहीच जमलं तर पैशाचं ऐका, आणि मेहुण्यालाही ऐकवा, कारण एक महिन्याच्या पगारात हा विषय अजिबात संपत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, पण या बाबतीत मूळ हिशोब जुनाच आहे. कारण लिहून एक महिन्याची लेखी नोटीस, नाहीतर तेवढा पगार. त्यावर भरपाई, दर पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार. आणि ग्रॅच्युइटी वेगळी, हे दोन्ही एकच आहे असं समजून एकच देणारे भरपूर आहेत. तुमच्याकडं १० च्या वर माणसं आहेत आणि त्याची पाच वर्षं कधीच झालीत, म्हणजे ग्रॅच्युइटी द्यावीच लागणार. १५,६०० भागिले २६ म्हणजे ६०० रुपये रोज, गुणिले १५ म्हणजे वर्षाला ९,०००, आणि ११ वर्षांचे ९९,०००. वरचे ४ महिने धरायचे नाहीत, पण सहा महिन्यांच्या वर झाले असते तर पूर्ण वर्ष धरावं लागलं असतं. भरपाईही साधारण याच घरातली. शिल्लक रजांचे पैसे वेगळे. नवीन कायद्यात कमी केलेल्या माणसासाठी रिस्किलिंग फंडात, म्हणजे नवीन काम शिकण्यासाठीच्या फंडात, मालकानं १५ दिवसांचा पगार भरायची तरतूदही आहे. एकूण सगळं मिळून दोन लाखाच्या वर जातं, आणि हे तुम्ही आत्ताच कागदावर मांडा, कारण पुष्कळ मालक आधी माणूस काढतात आणि आकडा नंतर ऐकतात, मग हप्ते पाडतात, मग फोन उचलत नाहीत. पगाराचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्यायचेत, ग्रॅच्युइटी ३० दिवसांत. फॉर्म कुठले आणि सरकारला नोटीस कशी पाठवायची ते कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन एकदा विचारून घ्या. मालकानं स्वतः तिथं जायला काही हरकत नसते, उलट तेच बरं.

आणि सांगायचं कसं. तुम्ही स्वतः सांगायचं, सुपरवायझरनं नाही, अकाउंटंटनं नाही. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी केबिनमध्ये बसवा, शिफ्ट संपताना नको, आणि सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर अजिबात नको कारण मग त्याला दीड दिवस कुणाला काही विचारताच येत नाही. पहिल्याच वाक्यात सांगा की काम गेलंय, दोन लेथ बंद आहेत, तुला कमी करावं लागतंय. आधी घरचं विचारणं, चहा, पोरगी कितवीला आहे, असलं करू नका, त्याला नंतर त्या चहाचाच जास्त राग येतो. मग हिशोबाचा कागद त्याच्या हातात द्या, एकेक ओळ वाचून दाखवा, आणि त्या दिवशी सही मागू नका. घरी नेऊ द्या, कुणाला दाखवायचं असेल त्याला दाखवू द्या. नोटीसच्या महिन्यात काम बघायला जाण्यासाठी तीन-चार दिवस भरपगारी सोडा.

अनुभवाच्या दाखल्यात 'वर्तणूक समाधानकारक' एवढं लिहून उपयोग नाही. कुठल्या मशीनवर, कुठल्या मटेरियलवर, किती टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात किती बारीक फरक ठेवून, काम करतो ते लिहा. आणि शेजारच्या चार वर्कशॉपवाल्यांना तुम्ही फोन करा, तुमचा एक फोन त्याच्या वीस चकरांच्या बरोबर आहे. वर्षाच्या आत परत काम आलं आणि माणूस घ्यायचा झाला तर पहिला निरोप त्यालाच, तेही कायद्यात आहे.

प्रश्न : ताई, मला तू म्हटलं तरी चालेल, मी २४ ची आहे. लातूरला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. जॉइन करताना ओरिजिनल मार्कशीट आणि डिग्री जमा करून घेतली आणि एका कागदावर सही घेतली की मधेच सोडलं तर ५०,००० भरायचे आणि एक वर्ष लातूरमध्ये दुसऱ्या क्लासला शिकवायचं नाही. आई आजारी असते म्हणून मला आता उदगीरला घरी जायचंय. सर म्हणतात पैसे भर आणि कागद घेऊन जा. व्हॉट्सअपवर राजीनामा पाठवलाय, त्यांनी बघितला पण उत्तर नाही.

उत्तर : तुझे ओरिजिनल कागद ठेवून घ्यायचा त्यांना काहीही हक्क नाही, ते तुझे आहेत आणि बदल्यात पैसे मागणं चूकच आहे. वर्षभर दुसरीकडं शिकवायचं नाही ही अट नोकरी सुटल्यानंतर टिकत नाही, १८७२ चा करार कायदा, कलम २७. ५०,००० चं म्हणशील तर कागदावर आकडा लिहिला म्हणून तो जसाच्या तसा वसूल होतो असं नसतं, त्यांचं खरोखर काय नुकसान झालं ते बघून वाजवी तेवढंच मागता येतं.

पण तुझ्या बाजूचंही एक बोलते, रागावू नको. बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि नीट मे महिन्यात. तुझ्या समोर जी पोरं बसलीत त्यांच्या आईबापांनी वावर गहाण ठेवून फी भरलेली असते हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आईची तब्येत थांबत नसेल तर निघ, त्यात दुसरा विचार करू नको, पण नोटीसचा महिना लिहिला असेल तर तो पूर्ण कर, आणि कुठले धडे झाले, कुठले राहिले, कुठल्या बॅचला जेनेटिक्स परत घ्यावं लागणार, हे दोन पानांवर लिहून पुढच्या शिक्षकाच्या हातात दे. नोट्स, टेस्टचे पेपर सगळं देऊन ये. हे सरांसाठी नाही, पोरांसाठी.

राजीनामा व्हॉट्सअपवर पाठवलास ते ठीक पण पुरेसं नाही. मेल कर, तारीख टाक, शेवटचा दिवस कुठला ते लिही, 'माझी मूळ कागदपत्रं त्या दिवशी परत द्यावीत' असं त्यातच लिही. एक प्रत स्पीड पोस्टानं पाठव आणि पावती जपून ठेव. तरी नाही दिले तर लातूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तिथं जा. बाईमाणसाला तिथं मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे खूप जणींना माहीतच नसतं. वकिलाची एक नोटीस गेली की बहुतेक वेळा कागद कपाटातून बाहेर येतात. पीएफ कापत असतील तर शेवटची तारीख त्यांनी टाकली का ते पोर्टलवर बघत राहा, शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आधारच्या ओटीपीनं तुझी तुलाही टाकता येते.

प्रश्न : ताई, परभणी जिल्ह्यातून लिहितोय. आमच्याकडं सहा वर्षांपासून एक सालगडी आहे, बायको लेकरांसहित शेतातल्या आखाड्यावर राहतो. यंदा गुढीपाडव्याला साल १,२०,००० ठरलं. मधे ट्रॅक्टर घेतला, बैल विकले, आता खरं म्हणजे काम उरलं नाही. पाडव्यापासून नऊ महिने झाले, म्हणजे ९०,००० होतात, त्यानं उचल १,००,००० घेतली. म्हणजे त्याच्याकडंच माझे १०,००० निघायलेत. ते सोडून द्यायला तयार आहे मी, पण आखाडा खाली करून दे म्हणलं तर भाऊकीतले लोक मलाच नावं ठेवायलेत. माझं काय चुकलं?

उत्तर : भाऊ, तुम्ही मनानं वाईट नाहीत, १०,००० सोडायला तयार आहात, पण हिशोबच चुकलाय. तुम्ही बारा महिन्यांना सारखा भागाकार केला, आणि शेतीचं साल सारखं नसतं. त्यानं मृगाच्या आधीची नांगरट-पाळी केली, पेरणी केली, सोयाबीनला फवारे मारले, भर पावसात रानात राहिला, काढणी केली, कापूस वेचून घरी आणला, आणि हरभऱ्याला रात्रीच्या लाइटीला पाणी दिलं, थंडीत, विंचू-साप बघत. जे महिने उरले ते सालातले हलके महिने. जड महिने त्यानं ओढलेत आणि हलके महिने तुम्ही कापून घ्यायलात, मग त्याच्याकडं पैसे निघतात कसे? माझ्या हिशोबानं तुमच्याकडंच २०,००० निघतात, कारण साल तुम्ही मोडलंय, त्यानं नाही.

दुसरं, सालं ठरतात पाडव्याला. आत्ता मधेच त्याला कोण दारात उभं करणार आहे? सगळ्यांचे गडी ठरलेले आहेत. कारखान्याच्या तोडीला जावं तर टोळ्या दसरा-दिवाळीतच गेल्या. त्याची लेकरं तुमच्या गावच्या शाळेत असतील, परीक्षा एप्रिलमध्ये. म्हणून माझं म्हणणं, पाडव्यापर्यंत साल पूर्ण होऊ द्या, काम हलकं असलं तरी पैसे ठरलेले द्या, आणि पुढच्या साली ठेवणार नाही हे आजच सांगून टाका म्हणजे तो आतापासून दुसरीकडं बोलणी करील. पाडव्याला सांगितलं तर उशीर होतो. आखाडा परीक्षा संपेपर्यंत राहू द्या.

त्याच्या बायकोचं तुम्ही पत्रात एका शब्दात उरकलंय. गोठ्याचं शेण, जनावरांचं पाणी, खुरपणीला हाक मारली की येणं, हे सहा वर्षं तिनं केलं असेल आणि सालात तिचं नावसुद्धा नसेल. निघताना तिच्या हातात वेगळं काही ठेवा, नवऱ्याच्या हिशोबात मिसळून नाही.

आणि हे सगळ्या शेतकऱ्यांना सांगते, तुमच्यावर आरोप नाही. उचल फिटली नाही म्हणून गड्याला जाऊ न देणं, भांडीकुंडी अडवून ठेवणं, हे १९७६ च्या वेठबिगार प्रतिबंधाच्या कायद्यानं गुन्हा आहे. उलट दिशेनंही लोक चुकतात, उचल घेऊन रात्रीतून निघून जातात, तेही वाईटच, पण त्याला उपाय वही आहे. तुम्ही शाळेच्या दोनशे पानी वहीत महिन्याला एक पान करा, तारीख, उचल, दोघांच्या सह्या, त्याला सही येत नसेल तर लेकराला वाचायला लावा आणि त्याच्यासमोर अंगठा घ्या. एक वही तुमच्याकडं, एक त्याच्या ट्रंकेत.

प्रश्न : जालन्याला रोलिंग मिलमध्ये होतो, आठ वर्षं. मालाची चोरी झाली म्हणून तिघांना ऑफिसात बोलावलं, पोलिसात देतो म्हणले आणि कोऱ्या कागदावर सही घेतली. आता म्हणतात तू स्वतःच राजीनामा दिलाय. चोरी मी केली नाही. आठ दिवस झाले घरीच आहे.

उत्तर : आठ दिवस झालेत, नववा घालवू नका. आज एक साधं पत्र लिहा, की अमुक तारखेला अमुक वेळी, अमुक लोकांसमोर, धमकी देऊन कोऱ्या कागदावर सही घेतली, मी राजीनामा दिलेला नाही, मी कामावर यायला तयार आहे. शेवटचं वाक्य विसरू नका, नंतर 'हाच येत नव्हता' असं म्हणायला जागा राहते. कंपनीला पोचपावतीसकट स्पीड पोस्टानं पाठवा, एक प्रत कामगार आयुक्त कार्यालयाला. त्याचबरोबर समेटासाठी अर्ज द्या, ४५ दिवसांत मिटलं नाही तर स्वतः औद्योगिक ट्रिब्युनलकडं जाता येतं. नवीन कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, पण दोन वर्षं आहेत म्हणून बसू नका, साक्षीदार आधी विसरतात आणि मग गाव सोडून जातात. बाकीच्या दोघांशी बोला, तिघांनी मिळून पण वेगवेगळी पत्रं द्या. हजेरी कार्डाचे फोटो, पगाराच्या स्लिपा, ईएसआयसीचा नंबर, बँकेचं पासबुक, सगळं एका पिशवीत भरून घरातल्या जबाबदार माणसाकडं द्या.

मालकवर्गालाही सांगते, चोरीचा संशय असला तर आरोप लिहून द्या, उत्तर द्यायला वेळ द्या, चौकशी बसवा, त्याचं ऐकून घ्या, चौकशीपर्यंत निलंबित करायचं तर पहिले ९० दिवस निम्मा निर्वाह भत्ता द्या. खरंच चोर असेल तर तो चौकशीतच सापडतो. आठ वर्षं भट्टीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला कोऱ्या कागदावर घालवायचं, हे मला वाचवत नाही.

प्रश्न : नांदेडला राहते. आम्ही पुण्याला मुलीकडं शिफ्ट होणार आहोत. घरकामाच्या मावशी नऊ वर्षांपासून आहेत, महिन्याला २,६०० देते. जाताना किती द्यावेत? मी साडी आणि ५०० ठरवलेत.

उत्तर : वहिनी, घरकामाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू नाही, तुमच्यावर सक्ती काही नाही. पण तेच माप लावून बघा, २,६०० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला १,५००, नऊ वर्षांचे १३,५००. एकदम जमत नसेल तर आतापासून तीन महिन्यांत द्या, साडी वरून द्या. तुम्ही पुण्याला जाणार असल्याचं त्यांना वॉचमनकडून किंवा शेजारणीकडून कळू देऊ नका, आजच सांगा, म्हणजे त्या वेळेची दुसरी दोन घरं त्या धरतील. तुम्हीच बिल्डिंगमध्ये चार ठिकाणी शब्द टाका. घरकामगार मंडळात त्यांची नोंदणी झालीय का ते विचारा, नसेल तर काम केल्याचं लिहून लागतं ते तुमच्या सहीनं द्या. आणि सामान हलवायच्या आठवड्यात पॅकिंगला त्यांना बोलावलंत तर त्याचे पैसे वेगळे.